शाळेच्या अंगणातली पेशी

सरांकडे सायकल होती, पण त्यांना सायकलवर बसलेले मी एकदाही पाहिले नाही. भंडाऱ्याहून वैनगंगेचा पूल ओलांडून कारध्याला येताना ते तिला हाताने चालवत आणत, जशी आजारी गाय गुरांच्या दवाखान्यात न्यावी तशी. हँडलला एका बाजूला डबा, दुसऱ्या बाजूला काळी छत्री. पुलाच्या तोंडाशी मासे विकणारे आमचे लोक विचारत, "काहून जी सर, चाकात हवा नाही का?"

"हवा आहे गा. पण वर बसलो का विचार सांडून जाते. मंग मांगं येऊन येचत बसा लागते."

आणि ते इतक्या गंभीरपणे मागच्या रस्त्याकडे बघत की विचारणाराही वळून बघे.

त्यांची दुसरी सवय म्हणजे त्यांचा प्रश्न. माणसे भेटली की एकमेकांना कसे आहात विचारतात. सर विचारत, "जागे आहात का?" पोस्टमनला विचारत, चहावाल्याला विचारत. एकदा नदीत मानेपर्यंत बुडून डोळे मिटलेल्या म्हशीला त्यांनी काठावर उभे राहून विचारले आणि उत्तराची बरीच वाट पाहिली. लोक हसून म्हणत, "हो जी सर, जागे आहो." मग सर मान हलवत, "मग ठीक आहे," आणि पुढे जात. मला आधी वाटे, माणूस थोडा सरकला आहे. पुढे पुढे मी त्या प्रश्नाची वाट बघू लागले.

ते भंडाऱ्याच्या कॉलेजात प्राण्यांचे शास्त्र शिकवत. आणीबाणी उठून एखाद-दोन वर्षे झाली असतील, तेव्हा वैशाखात त्यांनी आमच्या गावाबाहेरची बंद शाळा मागून घेतली आणि तिथे कॉलेजच्या मुलांसाठी उन्हाळी वर्ग सुरू केला. दाराला पुठ्ठ्याची पाटी लावली. मी चौथीपर्यंत शिकलेली, एकेक अक्षर लावून वाचली: व्यसनाचे पेशीविज्ञान. गावात बातमी पसरली की शाळेत व्यसन शिकवणार आहेत. पहिल्या दिवशी दोन म्हातारे अंघोळ करून, धुतलेले धोतर नेसून पहिल्या बाकावर येऊन बसले. वाटप होईल अशी त्यांची समजूत. सरांनी त्यांना उठवले नाही. "तुमी तर अनुभवी," म्हणाले, "बसा." वाटप काही झाले नाही, तरी ते दोघे शेवटच्या दिवसापर्यंत येत राहिले. शाळेत गारवा होता.

मला तिथे पाणी भरायला आणि दुपारचा भात रांधायला ठेवले होते. आमचे घर धिवरांचे, मासे धरणाऱ्यांचे. माझ्या लेकीचे बाबा उन्हाळ्यात नदीच्या रेतीत डांगराची, म्हणजे कलिंगडाची, वाडी लावत. पहाटे ते वाडीवर जात, मी शाळेत जाई, आणि चार महिन्यांची लेक सासूजवळ राही. त्या वर्षी सरांच्या जेवणाची मला फार धास्ती होती, माझ्या हातचे त्यांना रुचेल का म्हणून. पण ते भातावर वरणाऐवजी डांगराच्या फोडी कालवून खात. लाल भात. खाताना नदीकडे बघत. मी माठाआडून बघे आणि मला हसू येई. त्यांच्याशी बोलायची मात्र छाती होत नव्हती. पहिले कितीतरी दिवस माझा आवाजच त्यांनी ऐकला नव्हता. ते विचारत, "बाई, जागी आहे का?" आणि मी पदर तोंडाशी धरून मान हलवी.

चूल खिडकीखाली होती. आत सर बोलत आणि ते बोलणे धुराबरोबर माझ्या डोक्यात शिरे. सगळे कळत नसे. पण त्यांचा आवाज असा होता की न कळलेलेही जवळचे वाटे. दुपारच्या झळांमध्ये समोरचे माळरान हलताना दिसे, भात खदखदे, आणि सर सांगत असत की आपले अंग म्हणजे एक नाही. ते लाखो लहान लहान घरांचे आहे, आणि प्रत्येक घराला दारे आहेत. पाण्याचे दार वेगळे, साखरेचे दार वेगळे. एका दारातले दुसऱ्या दारातून जात नाही. आणि काही घरांना एक दार आहे, त्यातून अफू आत जाते.

इथे एकदा ते थांबले. खडू नाकाशी नेऊन त्याचा वास घेतला. ही त्यांची तिसरी सवय.

"आता मले सांगा," ते म्हणाले, "अंगात अफूसाठी दार कायले? अंगाले का आधीच माहीत होतं का आपण एक दिवस अफू खाऊ?"

एक म्हातारा म्हणाला, "देवानं ठेवलं असन जी. सोय म्हनून."

मुले हसली. सर हसले नाहीत. घरात कोणी झोपले असावे तशा हळू आवाजात ते म्हणाले, "सोयच आहे, बाबाजी. पण ते दार अफूचं नाहीच. अंग स्वतःच एक अफू तयार करते. घरची अफू. दुखलं, भ्यालं, आईनं जवळ घेतलं, का ती निघते अन् आपल्या दारातून आत जाते. बाहेरची अफू त्या दारातून घुसते, कारण ती तिच्यासारखी दिसते."

हा शोध तेव्हा नवाच लागला होता म्हणे, परदेशातून आलेल्या मासिकात त्यांनी वाचला होता. पण घरात सोयरीक जुळल्याची बातमी सांगावी तसा त्यांचा चेहरा फुलला होता. पुढे ते म्हणाले, की रोज बाहेरून तयार तांदूळ यायला लागले तर घरची धानाची गिरणी कोण चालवील? मालक ती बंद करतो. पट्टा सैल होतो, गंज चढतो. मग एक दिवस बाहेरचा तांदूळ बंद झाला तर घरात दाणा नाही, आणि गिरणी सुरू होता होत नाही. त्या मधल्या दिवसांत माणूस ओरडतो. "तो वाईट नसते," सर म्हणाले. "तो उपाशी असते."

फळा त्यांना पुरेना. एके दिवशी शाळेच्या पोताईचा उरलेला चुना त्यांनी माझ्याकडून पाण्यात कालवून घेतला आणि सगळे अंगण भरून एक पेशी काढली. मोठे वेडेवाकडे गोल, आत एक लहान गोल, काठावर जागोजाग दारे, त्यातले एक अफूचे. मग त्यांनी मुलांना त्यात चालायला लावले. तू पाणी, तू साखर, तू मीठ. मुले आपापल्या दाराने आत जात, फिरत, बाहेर येत. संध्याकाळचे ऊन उतरलेले, पांढऱ्या रेघा चमकत होत्या, आणि माणसे न बोलता सावकाश चालत होती, तळ्यात मासे फिरावेत तशी. मी भांडी घासायची विसरून बघत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून सडा टाकताना मी त्या पेशीवर पाणी पडू देत नसे. तिच्या भोवतीने सडा टाकी. मधे कोरडे, पांढरे घर, बाहेर ओली माती. सरांनी ते पाहिले आणि सायकल भिंतीला टेकवून चपला काढून ते आत गेले.

आता माझ्या लेकीचे सांगते.

माझी लेक झोपत असे. गावात सगळ्या बाया मला भाग्यवान म्हणत. मोहफुले वेचायला, तेंदूची पाने तोडायला, पुढे पावसाळ्यात धानाच्या रोवण्याला जाताना आमच्याकडे लहान लेकराला अफूचा कण देऊन निजवत. सगळ्याच देत. सासूने आपल्या सगळ्या लेकरांना दिला होता, माझ्या लेकीला देत होती. अंगठ्याच्या नखावर मोहरीएवढा कण, दुधात फिरवलेला. लेक सकाळी झोपे आणि मी परत येईपर्यंत झोपलेलीच असे. अंगावर घेतले तर दोन घोट ओढी आणि तोंड सोडून देई. हातपाय काडीसारखे. डोळे उघडले तरी ते माझ्यापर्यंत येत नसत, मधेच कुठेतरी थांबत. मला वाटे, ही फार लांब गेली आहे आणि मला तिथला रस्ता माहीत नाही.

खिडकीखाली बसून सरांचे बोलणे ऐकताना ते सगळे घर, दार, गंजलेली गिरणी माझ्या मनात एका ठिकाणी येऊन थांबले. रात्री मी नवऱ्याजवळ विषय काढला. ते म्हणाले, "माय पायते ना. तिनं सात लेकरं वाढोली." सासूला बोलायची माझी हिंमत नव्हती. सरांना तर नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी सासू आंघोळीला गेली तेव्हा मी निजलेल्या लेकीला उचलून शाळेत आणले. सडा टाकला. मग चुन्याच्या पेशीच्या काठावर, अफूच्या दारात, जुने लुगडे घडी करून टाकले आणि तिला त्यावर ठेवले. मी खांबामागे जाऊन उभी राहिले.

सर आले. सायकल हातातच. दाराशी थांबले.

"जागी आहे का?" त्यांनी तिला विचारले.

मग खाली बसले. तिच्या तळव्याला बोटाने टिचकी मारली. पाय हलला नाही. पापणी वर करून पाहिली. हातून सुटलेली सायकल मागे पडली आणि डबा उघडून भाकरी बाहेर आली. त्यांनी तिकडे पाहिलेही नाही.

"कोण देते?" मला न बघता त्यांनी विचारले.

"आत्याबाई," मी म्हणाले. त्यांच्याशी बोललेला तो माझा पहिला शब्द.

तेवढ्यात ओल्या लुगड्यानेच सासू आली. तिचा आवाज तिच्या आधी फाटकातून आत आला. "माही नात कुठी आहे? कोनाले इचारून नेलं वो लेकराले? उनाचं आनून भुईवर टाकलं! हे का चौक भरला आहे? का करनी चालली आहे इथं?"

मुले वर्गातून बाहेर आली. मला वाटले, आता सर तिला समजावून सांगतील आणि ती त्यांनाही बोलेल. सर उठले, हात जोडले आणि म्हणाले, "बरं झालं आल्या. एक माणूस कमी पडून राहिला होता. उभ्या राहा इथं."

"मी कायले?"

"खेळात, जी. हे अंगाचं घर. हे तुमचं दार. तुमी घरची लक्ष्मी, घरातल्या सगळ्याईचं दुखणं तुमी निभावता. आत जा, बाहेर या. तुमचंच आहे."

सासूने संशयाने पाहिले. पण मुले बघत होती आणि घरची लक्ष्मी म्हटले होते. ती ओले लुगडे सावरून दारातून आत गेली, एक फेरी मारून बाहेर आली. तोवर सरांनी वरठीच्या भोजराजला खूण केली. हा धिप्पाड विद्यार्थी त्या दारात मांडी घालून बसला. सासू परत आली तर दार भरलेले.

"सरक गा."

भोजराज सरकेना. सरांनीच त्याला तसे खुणावले होते.

"अरे सरक ना, माही जागा आहे थे!"

"मी पाहुणा आहो, आजी," भोजराज म्हणाला. "आता मीच इथं राहतो."

"पाहुना असा दारात बसते का? उठ मेल्या!" तिने त्याच्या खांद्यावर एक थापही मारली. मुले हसू लागली. ऊन वर आले होते. ती पदर डोक्यावर ओढून थोडा वेळ उभी राहिली, कपाळाचा घाम पुसला, आणि मग तिचे तोंड खरोखर उतरले. "मी का अशी उनात उभी राहू? मले कोनी इचारत नाही तं मी जातो."

"हेच," सर म्हणाले. "अगदी हेच होते. घरची अफू दारात थोडी वाट पाहते. मग निघून जाते."

सासू थांबली. तिने दारात बसलेल्या भोजराजकडे पाहिले. त्याच्या मांडीजवळच निजलेल्या लेकीकडे पाहिले. तिला बसायचे होते असे वाटले, पण ती चुन्याच्या रेघेबाहेर उभीच राहिली.

"मंग हिच्या अंगात," तिने हळूच विचारले, "माह्यासारखी कोनी आहे का?"

"आहे जी. बाहेर उनात उभी आहे."

"चाल्ली तं नाही गेली?"

सरांचा आवाज बदलला. "इतक्यात नाही. पण बोलवायला पाहिजे."

सर स्वतः काही औषध सांगायला तयार नव्हते. "मी बेडूक कापणारा माणूस," म्हणाले. त्याच दुपारी आम्ही तिघी आणि सर भंडाऱ्याला डॉक्टरीणबाईंकडे गेलो. सायकलही बरोबर चालत आली. बाई म्हणाल्या, एकदम बंद करायचे नाही, लेकराला ते झेपणार नाही. रोज थोडे कमी, आणि रोज मला दाखवायचे. किती देता, हे विचारल्यावर सासूने नख दाखवले. तो कण तिच्याच हाताने दिला जात होता, तो तिच्याच हाताने लहान होत गेला. मोहरीचा राजगिऱ्याएवढा, राजगिऱ्याचा खसखशीएवढा. शेवटी ती फक्त बोट पुसून दुधात फिरवी.

ते दिवस कसे गेले हे मला नीट आठवत नाही. झोपेतून काही धरायला जावे आणि ते सुटावे तसे आठवते. लेक रडत होती. जन्मल्यापासून जेवढी रडली नव्हती तेवढी. शिंका देई, जांभया देई, हातपाय थरथरत. सरांनी चिंचेच्या फांदीला झोळी बांधायला लावली आणि वर्ग चिंचेखाली आणला. एक मुलगा म्हणाला, "सर, या आवाजात लिहिता येत नाही."

"मग लिहू नको. ऐक," सर म्हणाले. "पुस्तकात हा आवाज नाही."

झोळीतही ती राहीना तेव्हा सर तिला खांद्यावर घेत आणि पेशीच्या रेघेवरून गोल गोल चालत शिकवत. एक हात तिच्या पाठीवर, दुसऱ्या हाताने हवेत दारे काढत. तिने त्यांच्या सदऱ्यावर शू केली, खिशातले खडू भिजून पीठ झाले, तरी ते चालत होते. सासू चिंचेखाली बसून बघे. एकदा ती त्या म्हाताऱ्यांना म्हणाली, "माहे सात झाले, पन असं घेऊन कोनी फिरलं नाही." ती कोणावर रागावली होती ते कळले नाही.

मग एका दुपारी लेक गप्प झाली. मला वाटले झोपली. धावत गेले. ती झोळीत जागी होती. वर चिंचेची पाने हलत होती आणि तिच्या तोंडावर कवडसे फिरत होते. ती ते बघत होती. मी वाकले तेव्हा तिचे डोळे पानांवरून सुटले आणि माझ्यापर्यंत आले. मधे थांबले नाहीत. मला तिने पहिल्यांदा पाहिले. मग तोंड वाकडे करून ती हसली.

माझ्या तोंडून आवाज निघाला असावा. सगळे आले. सरांनी झोळीत डोकावून पाहिले, खडू नाकाशी नेला आणि लहान मुलासारखे ओरडले, "गिरणी सुरू झाली रे!"

भोजराजने टाळी वाजवली. सासूने दोन्ही हातांनी लेकीची दृष्ट काढून बोटे मोडली, आणि मग काय मनात आले कोण जाणे, उठून चुन्याच्या त्या दारातून आत गेली आणि मधल्या लहान गोलात जाऊन बसली.

पुढे दर वैशाखात वर्ग भरला. दरवर्षी अंगणात पेशी आणि दरवर्षी दारात सासू. तिला आता सगळे पाठ होते. नव्या मुलांना तीच सांगे, "उठ म्हनलं तरी उठाचं नाही, मले राग येऊ द्याचा." गावच्या बाया ते बघायला येत, हसत, आणि घरी जाताना गप्प असत. किती घरांतला कण सुटला मला माहीत नाही. सरही मोजत नसत.

एक गोष्ट त्यांच्याबद्दल सांगायची राहिली. अफूला वाईट म्हटलेले त्यांना आवडत नसे. एका विद्यार्थ्याने विष म्हटले तर म्हणाले, "विष नाही. पाहुणी आहे. पाहुण्यानं यावं, बसावं, जावं. आपण तिले घरधनी करतो, मग तिच्या नावानं बोंबलतो."

लेक चौथीत गेली त्या वर्षी वर्ग भरला नाही. सरांच्या पोटात दुखणे निघाले होते, हटणारे नव्हते. मी लेकीला घेऊन पूल ओलांडला. त्यांच्या घरी व्हरांड्यात सायकल भिंतीला टेकून उभी होती, चाकात हवा भरलेली. आत खाटेवर सर इतके बारीक झालेले की चादरीखाली कोणी नाही असे वाटले. भिंतीकडे तोंड करून ते दात आवळत होते. डॉक्टरीणबाई आल्या होत्या. सुईचे औषध भरत होत्या. सर ते कितीतरी दिवस नको म्हणत होते असे त्यांच्या बहिणीने मला सांगितले. त्यांना झोपायचे नव्हते.

आम्हाला पाहून ते वळले. "अफूचंच आहे," सुईकडे बघून मला म्हणाले. "घरचीच्यानं आता होत नाही, बाई. ती बिचारी दमली."

सरांपुढे मला कधीच बोलता येत नसे. पण त्या दिवशी मी म्हणाले, "सर, पाहुणी आहे. बसू द्या."

मग त्यांनी डॉक्टरीणबाईंपुढे हात केला.

सुई देऊन झाल्यावर त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटल्या, वाऱ्याने रेतीवरच्या खुणा पुसाव्या तशा. लेक खाटेजवळ उभी होती. त्यांनी तिला ओळखले आणि डोळे मिटत आले तरी जुना प्रश्न विचारला.

"जागी आहे का?"

लेकीने त्यांच्या खिशाला हात लावला. खडूचे पांढरे तिच्या बोटांना लागले.

"मी जागीच आहो, सर," ती म्हणाली. "तुमी झोपा."